टेक कंपन्या हजारो लोकांना नारळ देतात, तेव्हा त्यांची ‘पीआर’ टीम नेमकं काय करते?

नोव्हेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या अडीच महिन्यांत मेटाने ११ हजार, ॲमेझॉनने १८ हजार, मायक्रोसॉफ्टने १० हजार आणि गुगलची मूळ कंपनी अल्फाबेटने १२ हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. मेटाचे मार्क झुकरबर्ग आणि गुगलचे सुंदर पिचाई या दोघांच्याही पत्रांत एक मुद्दा सारखा होता, तो म्हणजे या निर्णयाची जबाबदारी माझी आहे.

अशी पत्रं योगायोगाने सारखी नसतात. पत्राखाली सही सीईओची असते, पण त्याचा मसुदा सहसा जनसंपर्क म्हणजेच पीआर, एचआर, कायदा आणि गुंतवणूकदारांशी संबंध सांभाळणारा विभाग अशा सगळ्यांच्या हातून जातो.

ही वेळ आलीच कशी?

कोरोनाकाळात लोक घरी बसले आणि ऑनलाइन जाहिराती, खरेदी, व्हिडिओ कॉल सगळंच वाढलं. कंपन्यांनी धडाधड भरती केली. २०१९ च्या अखेरीस मेटाकडे सुमारे ४५ हजार कर्मचारी होते. सप्टेंबर २०२२ मध्ये हा आकडा ८७ हजारांवर गेला. नंतर महागाई वाढली, अमेरिकेत व्याजदर वाढले आणि जाहिरातदारांनी हात आखडता घेतला.

एक पत्र, चार वाचक

नोकरकपातीचं पत्र एकाच वेळी चार जण वाचतात.

• कर्मचारी: ‘माझी नोकरी आहे की गेली?’ एवढंच त्यांना आधी कळायला हवं असतं.
• गुंतवणूकदार: खर्च खरंच कमी होतोय का, हे ते बघतात. मेटाने कपात जाहीर केली त्या दिवशी कंपनीचा शेअर वधारला होता.
• सरकार: अमेरिकेत मोठ्या कपातीआधी साधारणपणे ६० दिवसांची नोटीस देण्याचा कायदा आहे. त्यामुळे प्रत्येक शब्द वकील तपासतात.
• ग्राहक: कंपनी टिकेल ना, सेवा चालू राहील ना, ही त्यांची चिंता असते.

गुंतवणूकदाराला दिलासा देणारं वाक्य कर्मचाऱ्याच्या जिव्हारी लागू शकतं. म्हणूनच ‘पुनर्रचना’ किंवा ‘राइटसायझिंग’ असे गुळगुळीत शब्द येतात.

कोणाचं जमलं, कोणाचं फसलं?

मे २०२० मध्ये एअरबीएनबीने ७,५०० पैकी सुमारे १,९०० जणांना कमी केलं. सीईओ ब्रायन चेस्की यांच्या पत्रात कपातीचं कारण, लोक कसे निवडले आणि त्यांना काय मिळणार, हे सगळं होतं. अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांना किमान १४ आठवड्यांचा पगार आणि वर्षभराचा आरोग्य विमा मिळाला. लॅपटॉपही त्यांच्याकडेच राहिले. हे पत्र आजही चांगलं उदाहरण म्हणून दाखवलं जातं.

याउलट, डिसेंबर २०२१ मध्ये बेटर डॉट कॉम या गृहकर्ज कंपनीचे सीईओ विशाल गर्ग यांनी सुमारे ९०० जणांना एकाच झूम कॉलवर काढलं. कॉलचा व्हिडिओ व्हायरल झाला आणि गर्ग यांना माफी मागावी लागली. कंपनीच्या जनसंपर्क विभागातल्या वरिष्ठांनीही राजीनामे दिले.

कधी बातमी आधीच फुटते. जानेवारी २०२३ मध्ये ॲमेझॉनला याच कारणाने घोषणा लवकर करावी लागली. मात्र कोणाची नोकरी जाणार, हे १८ जानेवारीपासून कळवलं जाणार होतं. म्हणजे कर्मचारी सुमारे दोन आठवडे टांगणीला लागले.

बोलणं एक, करणं एक

ऑक्टोबर २०२२ मध्ये बायजूजने सुमारे २,५०० जणांना कमी करण्याची घोषणा केली आणि महिन्याभरातच फुटबॉलपटू लिओनेल मेस्सीला सामाजिक उपक्रमाचा ब्रँड ॲम्बेसिडर नेमलं. त्यावर टीका झाली. कंपनी काटकसरीची भाषा बोलत असताना तिचा खर्च वेगळंच सांगत असेल, तर पीआर टीमला फारसं काही करता येत नाही.

जुलै २०२५ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसने २ टक्के, म्हणजे सुमारे १२ हजार नोकऱ्या कमी करणार असल्याचं सांगितलं. एआयमुळे लोकांची गरज घटली म्हणून नव्हे, तर कौशल्यं जुळत नसल्याने ही कपात होत असल्याचं सीईओ के. कृतिवासन म्हणाले. पुण्यातली आयटी कर्मचाऱ्यांची संघटना ‘नाइट्स’ने मात्र केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे धाव घेतली.

असं पत्र आलं तर काय पाहायचं?

१. नेमका आकडा आणि तारीख दिली आहे का?
२. कारण स्पष्ट आहे, की फक्त ‘बाजाराची परिस्थिती’?
३. किती पगार, विमा आणि नोटीस मिळणार, हे लिहिलंय का?
४. ‘जबाबदारी माझी’ म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या पगारावर काही परिणाम होणार आहे का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं पत्रात असतील, तर नोकरी गेलेल्या माणसाला निदान पुढच्या महिन्याच्या हप्त्याचा हिशोब मांडता येतो.