सौदामिनीचे गलबत

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. बालाघाटच्या रांगा, कोरडे माळ आणि दरसाल ऊसतोडणीसाठी घर सोडणारी कुटुंबे, अशी त्याची ओळख. तरीही एका स्त्री-चाच्याची कथा सांगण्यासाठी आम्हांला आरंभ येथूनच करावा लागत आहे.

आष्टी तालुक्यातील सावरगावच्या परिसरात मायंबा हे स्थान आहे. तेथे मच्छिंद्रनाथांची संजीवन समाधी असल्याचे भाविक मानतात. मालू कवीच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या ग्रंथामुळे (शके १७४१, म्हणजे १८१९) नाथांची कथा महाराष्ट्रात घरोघर पोहोचली. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्याच्या राणीपाशी गुंततात आणि शिष्य गोरक्षनाथ मृदंगाच्या बोलांनी त्यांना जागे करून परत आणतो, हा त्यातील सर्वांत रंगलेला प्रसंग. श्रोत्यांचे लक्ष अर्थातच गुरुशिष्यांकडे असते. निघताना नाथ मीननाथ या आपल्या मुलालाही बरोबर नेतात. मागे उरते ती राणी, म्हणजे त्या मुलाची आई.

हीच राणी १९३२ साली पडद्यावर आली. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये व्ही. शांताराम यांनी किलोतळेची भूमिका दुर्गा खोटे यांना दिली. मच्छिंद्रनाथ होते गोविंदराव टेंबे, तर गोरक्षनाथ विनायक. दुर्गाबाई मूळच्या लाडांच्या. मुंबईत, येशूसंघीयांच्या सेंट झेवियर महाविद्यालयात त्या काही काळ शिकल्या होत्या. सासरची आर्थिक घडी विस्कटल्यावर, दोन मुलांची आई असताना, त्या चित्रपटांकडे वळल्या. प्रतिष्ठित घरातील स्त्रीने तोंडाला रंग लावणे म्हणजे त्या काळी केवढे धाडस होते, हे आज समजावून सांगावे लागते! ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रात त्यांनी आपली वाटचाल स्वतःच नोंदवून ठेवली आहे.

पुढे १९३३ साली प्रभात कोल्हापूरहून पुण्यास आली, आणि १९३६ साली समुद्रापासून दूर असलेल्या त्याच पुण्याच्या कंपनीने ‘अमरज्योती’ हा चाच्यांचा हिंदी बोलपट पडद्यावर आणला. कथा के. नारायण काळे यांची, संगीत मास्टर कृष्णरावांचे. नायिका सौदामिनी म्हणजे दुर्गाबाईच. आपले तान्हे मूल आपल्यापाशी राहावे, एवढेच तिचे मागणे असते. राज्याचा कायदा मात्र आईचा हक्क मानीत नाही. तेव्हा ती राज्याविरुद्धच युद्ध पुकारते आणि चाच्यांची राणी होते. राजघराण्याच्या गलबतावर हल्ला करून ती न्यायमंत्री दुर्जयला (चंद्रमोहन) कैद करते. त्याच गलबतावरची राजकन्या नंदिनी (शांता आपटे) नकळत तिच्या हाती लागते. पुढे या नंदिनीचे मन एका मेंढपाळावर जडते, आणि तो सौदामिनीचाच हरवलेला मुलगा निघतो. पुरुषांवर सूड उगविण्याचे व्रत घेतलेल्या स्त्रीपुढे तिचेच पोटचे पोर प्रियकर म्हणून उभे करणारी ही रचना आम्हांला साध्या योगायोगाहून अधिक मोलाची वाटते. द्वेष माणसाला कोठवर नेतो, हा प्रश्न कथा तलवारीच्या खणखणाटातही विसरत नाही.

सौदामिनीचे भांडण निव्वळ कल्पनेतले नव्हते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार बाप हयात असून अपात्र ठरलेला नसेल, तर न्यायालयाला अन्य पालक नेमता येत नसे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानेही नैसर्गिक पालक म्हणून आधी पित्याचे आणि त्याच्या ‘नंतर’ मातेचे नाव घातले. या ‘नंतर’चा अर्थ केवळ बापाच्या मृत्यूनंतर असा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९९९ साली. आपणही फार ऐटीत राहू नये. ख्रिस्ती समाजाला लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. ही विषमता २००१ साली दूर झाली. आमचा घटस्फोटाकडे ओढा नाही, हे सांगणे नलगे. पण एकाच पापाला दोन मापे लावणे ही शुभवर्तमानाची शिकवण खचितच नव्हे.

‘अमरज्योती’ इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला. तेथे झळकलेल्या आरंभीच्या भारतीय चित्रपटांत त्याचे नाव घेतले जाते. १९३७ साली प्रभातच्याच ‘संत तुकाराम’चा तेथे गौरव झाला आणि संताच्या तेजात ही चाची झाकोळली. आम्हां मराठी माणसांनाही तिचे स्मरण फारसे उरले नाही.

योगायोग असा की, चाच्यांच्या कथांचे वेड इटलीत जुनेच होते. व्हेरोना येथे १८६२ साली जन्मलेले एमिलिओ साल्गारी यांनी दूरचे समुद्र न पाहताच त्यांच्यावर कादंबऱ्या रचल्या. ‘काळ्या चाच्याची कन्या योलांदा’ ही त्यांची कादंबरी १९०५ ची. तिच्यावरून मारिओ सोल्दाती यांनी १९५३ साली चित्रपट काढला; नायिका होती स्वीडनची माय ब्रिट. त्याआधी १९४० साली दोरिस दुरांती ‘हिरव्या चाच्याची कन्या’मध्ये दिसली होती. पुढे १९६० साली मारिओ कोस्ता यांच्या चित्रपटात जान्ना मारिया कानाले ‘चाच्यांची व्हीनस’ झाली. लगोलग १९६१ मध्ये उंबेर्तो लेन्झी यांनी मेरी रीडवर चित्रपट केला. ही बाई मात्र इतिहासातली. पुरुषवेषात वावरलेल्या या इंग्रज स्त्रीवर १७२० साली जमेकात खटला चालला आणि पुढच्या वर्षी ती तुरुंगातच वारली.

इटलीत त्या वेळी धर्मग्रामांची स्वतःची चित्रपटगृहे हजारोंनी होती. पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयीचे ‘विजिलांती कूरा’ हे परिपत्रक २९ जून १९३६ रोजी, म्हणजे ‘अमरज्योती’च्याच वर्षी काढले. कोणता चित्रपट कोणी पाहावा याची वर्गवारी श्रद्धावंतांपुढे ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता. इटलीतील कॅथोलिक चित्रपट केंद्र हे काम करीत असे. रविवारी दुपारी अशा एखाद्या सभागृहात मुले साहसपट पाहत बसली आहेत, हे चित्र आम्हांला सहज डोळ्यांपुढे आणता येते.

मात्र इटलीच्या त्या नायिकांच्या नावांकडे पाहावे: काळ्या चाच्याची कन्या, हिरव्या चाच्याची कन्या. त्यांची तलवार बापाच्या नावाने म्यानाबाहेर येते. साल्गारींची योलांदा आजोबांचा वारसा मागायला निघते आणि अखेर बापाचा जुना सहकारी मॉर्गन याच्याशी तिचे लग्न होते. तिच्या कादंबरीत आई हयातच नाही. सौदामिनीला कोणाचा वारसा नको आणि कोणाचे नावही नको. तिला आपले मूल हवे आहे, आणि ते मागण्यासाठी न्यायालयाचे दार बंद झाल्यावरच ती समुद्रावर जाते. १८१९ च्या ग्रंथातली राणी मात्र मुलावाचून मागे राहिली. मीननाथ आपल्या पित्याबरोबर निघून गेला.