पुरंदरचा नाईक

साल 1800 धरा. पावसाळा सरत आलाय, पण कऱ्हेपठारावरची माती अजून ओली आहे. तुम्ही एका कुणब्याच्या अंगणात उभे आहात आणि तो कुणबी तुम्हीच आहात. कोंबडा आरवला तेव्हा गोठ्यात गेलात, तर दावी कापलेली. बैलजोडी नाही. सुगी तोंडावर आणि गोठा रिकामा.

पुणं इथून एका दिवसाच्या चालीवर आहे. तिथे कोतवाल आहे, पेठांतून चावड्या आहेत, रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडलेल्याला कोठडी आहे. तुमच्या गावात यातलं काही नाही. तुमच्याकडे रामोशी आहे, गावचा पिढीजात राखणदार. त्याला बोलावणं पाठवावं लागत नाही. तुम्ही ओरडलात तेव्हाच तो कुसावरून उडी टाकून आलाय. खांद्यावर घोंगडी, कमरेला गोफण, हातात काठी. रात्रभर जागाच होता, डोळे लाल आहेत. आणि चेहरा तुमच्यापेक्षा पडलेला आहे, कारण बैल सापडले नाहीत तर ते भरून देण्याची पहिली जबाबदारी त्याची.

"कडंनं या. माग तुडवू नका," तो म्हणतो.

तुम्ही कडेला सरता. तो गोठ्याच्या दाराशी उकिडवा बसतो. तुम्हाला दिसतो तो नुसता चिखल. त्याला त्यात दोन माणसं दिसतात. एकाची चप्पल टाचेला झिजलेली. दुसरा अनवाणी, उजवा पाय जरा बाहेर टाकणारा. बाभळीची काडी मोडून तो पावलाची लांबी मापतो, काडीला नखानं खूण करतो आणि ती पागोट्यात खोचतो. हाच त्याचा पुरावा, आणि पुढचं गावही तो मानतं.

मग चालायला लागतो. तुम्ही मागून. ओढ्यात माग नाहीसा होतो. तुम्ही पलीकडच्या काठावर शोधायला धावता, पण तो पाण्याच्या धारेनं खाली निघालाय. बैल पाण्यातून नेले की चोर कुठे वर काढतो, हे त्याच्या बापानं त्याला दाखवलंय. दोनशे पावलांवर तरवडाची फांदी मोडलेली, मोडलेल्या टोकाला अजून वास आहे. पुढे खडक लागतो. खडकावर माग नसतो असं तुम्हाला वाटतं. तो वाकून बघतो: उलटलेला दगड, त्याची ओली बाजू वर. टिटवी कुठून उठली, कावळे कुठे गोळा होतायत, मेंढरं रात्री कुठल्या माळावर बसली होती, हे सगळं तो चालता चालता मनात मांडत असतो. विचारलंत तर सांगणार नाही. रामोशी जमातीची आपसातली खास शब्दांची बोली आहे, ती परक्यासमोर उलगडत नाहीत.

दुपारी शीव येते. इथे तुमच्या रामोशाचं काम संपतं. पलीकडच्या गावचा पाटील आणि त्यांचा रामोशी शिवेवर येतात. काडी पावलाला लावून बघतात, माग जुळतो. आता चोर त्यांच्या हद्दीत. त्यांनी माग पुढच्या शिवेबाहेर काढून दाखवायचा, नाहीतर बैलांची किंमत त्या गावानं भरायची. अशी शिवेशिवेनं साखळी चालते. 1819 साली इंग्रज अंमलदार एल्फिन्स्टननं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदारांची ही रीत नोंदवून ठेवली. कागद लागत नाही, ठाणं लागत नाही. लागतो तो पायाखालची जमीन वाचणारा माणूस, आणि त्याला खळ्यावर मिळणारं बलुतं, इनामाचा तुकडा, राखणीचा हक्क. हा हक्क ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं.

आता मान वर करा. दक्षिणेला पुरंदर आहे, शेजारी वज्रगड. पायथ्याला भिवडी. तिथल्या दादजी खोमणे या रामोशी नाईकाकडे गडाची राखण होती. 7 सप्टेंबर 1791 ला त्याच्या घरी लक्ष्मीबाईच्या पोटी मुलगा झाला, उमाजी. त्याच्या जन्माच्या सातच दिवस आधी, 31 ऑगस्टला, पुण्यात लोकांनी घाशीराम कोतवालाला दगडांनी ठेचून मारलं होतं. शहराच्या कोतवालीवरचा लोकांचा विश्वास ज्या आठवड्यात असा संपला, त्याच्या पुढच्याच आठवड्यात डोंगरावर हा राखणदार जन्माला आला.

त्या पोराबरोबर चढा. करवंदीच्या जाळ्यांतून, आडवाटेनं. धुकं असं की पुढच्याची घोंगडीच धरून चालायची. गडाचा रामोशी दरवाज्यावर राहत नाही, तो कड्याच्या अंगाला राहतो, जिथून कुणी येणार नाही असं सगळ्यांना वाटतं तिथे. गोफण, तलवार, भाला, कुऱ्हाड हे सगळं उमाजी या उतारांवर शिकला. 1802 च्या सुमाराला बाप गेला. 1803 मध्ये दुसऱ्या बाजीरावानं गडाची राखण रामोशांकडून काढून घेतली. पिढ्यांचा हक्क एका हुकमात गेला.

मधली वर्षं भराभर ओलांडू. 1817 ला पुण्यावर ईस्ट इंडिया कंपनीचं निशाण लागलं, 1818 ला पुरंदर तिच्या हाती पडला. नव्या सरकारनं खर्चाचे आकडे मांडले आणि गडागडांवरचे लोक रिकामे झाले. एका लुटीबद्दल उमाजीला वर्षभर कैद झाली. तुरुंगातच तो लिहाय-वाचायला शिकला. बाहेर आला तो माणसं जमवायला लागला. जेजुरीच्या खंडोबाचा भंडारा उचलून शपथा झाल्या. 1826 पासून कंपनीच्या पलटणी त्याच्यामागे सासवडपासून भोरपर्यंतचे डोंगर चढल्या-उतरल्या. हाती काही लागलं नाही.

आणि आता 1828. थांबू ते इथे, कारण सगळ्यात कमी सांगितला जातो तो हाच भाग. बळानं जमत नाही हे कळल्यावर सरकारनं मागचे गुन्हे माफ केले, उमाजीला आणि त्याच्या लोकांना पगारावर घेतलं, जमीन दिली, आणि याच मुलखाचा बंदोबस्त त्यांच्यावर सोपवला. डोंगरी पोलीस म्हणा. कालपर्यंत ज्याच्या डोक्यावर बक्षीस होतं तो आज चोर-दरोड्यांचा जाब देणारा अंमलदार झाला.

तुम्ही त्या वर्षी दिवेघाटातून जाणारे व्यापारी आहात असं समजा. तीन बैलांवर मीठ आणि कापड लादलेलं. घाटाच्या वळणावर चार माणसं दगडावर बसलेली. पोटात गोळा येतो. ती उठतात, बैल मोजतात, गाव विचारतात आणि पुढच्या चौकीपर्यंत तुमच्याबरोबर चालतात. नाईकाची माणसं. तुम्हाला कुठला ओढा टाळायचा ते सांगतात, कारण तिथे दबा धरायला कुठे जागा आहे हे त्यांच्याहून चांगलं कुणाला ठाऊक असणार? एल्फिन्स्टनच्या काळापासून साहेबांनाही हे उमजलेलं होतं की या डोंगरांची राखण डोंगरातलाच माणूस करू शकतो.

हे फार दिवस टिकलं नाही. नोकरीत असतानाही तो गावांकडून वसुली करतो, असा सरकारचा आरोप. त्यात तथ्य असेलही. पण ज्याला सरकार वसुली म्हणत होतं, त्यातली किती जुन्या राखणीच्या हक्काची होती, हे कुठल्या कचेरीनं तपासलं? शेजारच्या कोळी मुलखातलंही बघा. रामजी भांगरे सरकारी नोकरीत होता. त्याची वर्षाची पन्नास रुपयांची वसुली बंद करण्याचा हुकूम निघाला आणि त्यानं नोकरी सोडून माणसं जमवली. पन्नास रुपये! त्यापायी पुढे पलटणी फिरवायला सरकारला किती पन्नास रुपये पडले असतील. माझं मत स्पष्ट आहे: कंपनीला या माणसांचं कसब हवं होतं, त्यांचा मान नको होता, आणि दोन्ही एकाच माणसात असल्यामुळे हा करार मोडणारच होता.

उमाजी पुन्हा डोंगरात गेला. 1831 च्या जाहीरनाम्यात त्यानं लोकांना कंपनीच्या चाकऱ्या सोडायला आणि सारा न भरायला सांगितलं. दहा हजार रुपये आणि चारशे बिघे जमीन असं इनाम लागलं. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश मागावर होता. मात्र उमाजीचा माग त्याच्या पलटणीला काढता आला नाही. तो काढला उमाजीच्याच जुन्या साथीदारांनी, त्याच्या वाटा, त्याचे पाणवठे, त्याची रात्रीची जागा ओळखणाऱ्यांनी. 15 डिसेंबर 1831 ला भोरजवळ उत्रोळी गावी तो पकडला गेला.

शेवटी पुण्यात या. खडकमाळ आळी, मामलेदार कचेरी. तुम्ही कोठडीच्या दाराशी उभे आहात. आत बेड्या घातलेला उमाजी, समोर मॅकिंटॉश, वही उघडी. साहेब विचारतो, उमाजी सांगतो: जमातीच्या चालीरीती, बोलीतले शब्द, कुळं, वाटा, स्वतःचं आयुष्य. त्यातूनच रामोशांवरचं आणि उमाजीवरचं मॅकिंटॉशचं पुस्तक 1833 ला मुंबईत निघालं. ते छापून आलं तेव्हा सांगणारा हयात नव्हता. 3 फेब्रुवारी 1832 ला याच आवारात त्याला फाशी दिली. दहशत बसावी म्हणून प्रेत तीन दिवस पिंपळाला टांगून ठेवलं.

आता आपल्या काळात परत या, पण वाटेत जरा थबका. लष्कर भागातले बंगले घ्या: पुढे कित्येक वर्षं तिथले साहेबलोक राखणीला रामोशीच ठेवत. भवानी पेठेच्या बाजूला रामोशी गेट हे नाव आजही पत्त्यात लिहिलं जातं. 1871 ला इंग्रजांनी जमातीच्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. शिवेवर काडी लावून दुसऱ्याच्या बैलांची भरपाई करणाऱ्यांच्या नातवंडांना त्यानं चोरांच्या यादीत बसवलं. 1952 ला कायदा गेला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी हे नाव आहे.

खडकमाळच्या कचेरीत उमाजी नाईकांचं स्मारक आहे. 7 सप्टेंबरला हार घातले जातात आणि त्यांना आद्य क्रांतिकारक म्हटलं जातं. ते योग्यच आहे. पण ते या डोंगरांचे पोलीसही होते, सरकारनं नेमलेले आणि त्याआधी पिढीजात. सासवड, जेजुरी, भोर ही ठाणी आज पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहेत. माझी मागणी साधी आहे: त्या ठाण्यांतल्या अधिकाऱ्यांच्या फलकावर सगळ्यात वर, 1828 या सालापुढे, उमाजी दादजी खोमणे नाईक, भिवडी, असं लिहावं.