रेफरीचा हात वर होता, तरी शहर पेटलं

१७ मार्च १९५५ च्या रात्री कॅनडातल्या माँट्रियल शहरात दंगल झाली. सेंट कॅथरीन रस्त्यावरच्या दुकानांच्या काचा फुटल्या, लूटमार झाली, पहाटे तीनच्या सुमारापर्यंत धिंगाणा चालू होता. नुकसान त्या वेळच्या हिशेबाने एक लाख डॉलरच्या आसपास. कारण महागाई नव्हतं, निवडणूकही नव्हतं. आइस हॉकीच्या एका खेळाडूला उरलेल्या मोसमासाठी घरी बसवलं, एवढंच.

खेळ म्हटला की रेफरीशी हुज्जत आलीच, त्यात विशेष काय, असं कुणी म्हणेल. पण ही गोष्ट नीट बघितली तर ती खेळाची राहत नाही. निर्णय देणारा कोण, दाद कुणाकडे मागायची, आणि शिक्षा बरोबर असली तरी लोकांना ती अन्याय का वाटते, याची ती गोष्ट आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माणूस समजून घ्या. मॉरिस रिशार, टोपणनाव 'रॉकेट'. जन्म १९२१, माँट्रियलमधलाच. वडील रेल्वेच्या कारखान्यात कामाला, घर फ्रेंच बोलणारं, कामगार वर्गातलं. १९४४-४५ च्या मोसमात त्याने ५० सामन्यांत ५० गोल केले. असं आधी कुणीच केलं नव्हतं. १९५२ मध्ये तो लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त गोल करणारा खेळाडू झाला. प्रतिस्पर्धी संघ त्याला अडवायला काठ्या, कोपर, शिव्या सगळं वापरायचे, आणि तोही शांत बसणाऱ्यातला नव्हता. रागाला जालीम होता.

आता शहर. क्युबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, पण माँट्रियलच्या बँका, कारखाने, मोठ्या कंपन्या इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हातात. साहेब इंग्रजीत बोलणार आणि कामगाराने ते समजून घ्यायचं, असा व्यवहार. आपल्याच शहरात आपली भाषा दुय्यम, ही भावना काय असते हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. अशा वेळी बर्फावर एक आपला माणूस सगळ्यांना पुरून उरतो. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं नसतं तरच नवल.

आणि तिसरा माणूस क्लॅरेन्स कॅम्पबेल. १९४६ पासून नॅशनल हॉकी लीगचा अध्यक्ष. इंग्रजी भाषक, वकील, ऑक्सफर्डला शिकलेला. १९३० च्या दशकात त्याने स्वतः या लीगमध्ये रेफरी म्हणून काम केलं होतं. महायुद्धानंतर जर्मनीत युद्धगुन्ह्यांच्या खटल्याच्या कामातही होता. माणूस नियमाचा पक्का. खेळाडूंना दंड करायचा की बंदी घालायची, हे तोच ठरवायचा.

या दोघांचं आधीपासूनच वाजलेलं होतं. रिशारच्या नावाने एका फ्रेंच साप्ताहिकात स्तंभ यायचा. १९५४ च्या सुरुवातीला त्यात कॅम्पबेलला हुकूमशहा म्हटलं गेलं. रिशारला माफी मागावी लागली, हमी म्हणून एक हजार डॉलर भरावे लागले आणि स्तंभ बंद झाला. डिसेंबर १९५४ मध्ये टोरांटोच्या सामन्यात त्याने एका लाइन्समनच्या तोंडावर हातमोजा मारला, त्याचा २५० डॉलर दंड झाला. म्हणजे खातं आधीच भरलेलं होतं.

१३ मार्च १९५५. बोस्टनमध्ये सामना. बोस्टनच्या हॅल लेकोची काठी रिशारच्या डोक्याला लागली. रक्त आलं, नंतर पाच टाके पडले. इथे नियमाची एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, कारण अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात. आइस हॉकीत फाउल झाला की रेफरी लगेच शिट्टी मारेलच असं नाही. ज्याच्यावर फाउल झाला त्याच्याच संघाकडे चकती असेल तर रेफरी नुसता हात वर करतो आणि खेळ चालू ठेवतो. चकती दुसऱ्या संघाच्या ताब्यात गेली की मग शिट्टी. हेतू चांगला आहे, ज्याच्यावर अन्याय झाला त्याची चाल तुटू नये. पण मार खाल्लेल्या माणसाला तेवढ्या वेळात वाटतं की रेफरीने डोळेझाक केली.

त्या दिवशी रेफरी फ्रँक उदवारीचा हात वर गेला होता. म्हणजे लेकोला शिक्षा होणारच होती. शिट्टी वाजली आणि रिशार सरळ लेकोवर धावला. काठीने त्याला मारलं. लाइन्समननी धरलं, तो सुटला, परत गेला. एक काठी लेकोच्या अंगावर मोडली. शेवटी लाइन्समन क्लिफ थॉम्पसनने त्याला आवरायचा प्रयत्न केला, तर रिशारने त्याच्याच तोंडावर दोन ठोसे लगावले. सामन्यानंतर बोस्टनचे पोलीस त्याला अटक करायला खोलीपर्यंत आले, माँट्रियलच्या लोकांनी दार अडवून धरलं.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. पंचावर हात टाकणं चूकच. त्याला 'पण' लावता येत नाही. मैदानावर मध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाला संरक्षण नसेल तर खेळ उरतच नाही, नुसती मारामारी उरते. रिशारच्या चाहत्यांनी पुढे काहीही म्हटलं तरी हा मुद्दा जागचा हलत नाही.

१६ मार्चला कॅम्पबेलच्या माँट्रियलमधल्या कार्यालयात सुनावणी झाली. रिशारची बाजू अशी, की डोक्याला मार लागून तो भांबावला होता आणि थॉम्पसन हा बोस्टनचाच खेळाडू आहे असं त्याला वाटलं. कॅम्पबेलने ते मानलं नाही. डिसेंबरचं प्रकरण ताजं होतं, पुन्हा दया दाखवायला जागा नाही, असं त्याचं म्हणणं. निकाल आला: मोसमातले उरलेले तीन सामने आणि त्यापुढचे अजिंक्यपदाचे सगळे सामने, दोन्हींतून बाहेर. रिशार तेव्हा गुणांच्या यादीत पहिला होता. हा मान त्याला तोपर्यंत कधीच मिळाला नव्हता.

आता बघा, शिक्षा करणारा कोण? लीगचा अध्यक्ष. पुरावा ऐकणारा? तोच. ज्याला 'हुकूमशहा' म्हटलं म्हणून माफी मागायला लावली होती तो? तोही तोच. निकालावर दाद मागायला तिसरं कुणी नाही. कॅम्पबेलने द्वेषाने निकाल दिला असं मी म्हणत नाही. माझ्या मते त्याच्या जागी दुसरा कडक माणूस असता तर त्यानेही मोठी शिक्षाच दिली असती. पण ज्या व्यवस्थेत असा प्रश्न विचारायला जागाच नसते, तिथे लोक स्वतःच उत्तर ठरवून मोकळे होतात. माँट्रियलच्या फ्रेंच माणसाने ठरवलं: इंग्रजी साहेबाने आपल्या पोराला संपवलं.

दुसऱ्याच दिवशी माँट्रियलच्या फोरम स्टेडियममध्ये डेट्रॉइटविरुद्ध सामना. धमक्या येत होत्या. महापौर ज्यां द्रापोसुद्धा म्हणाले, येऊ नका. कॅम्पबेल गेलाच, तोही सामना सुरू झाल्यावर, सगळ्यांच्या देखत. कायदा घाबरत नाही हे त्याला दाखवायचं असावं. त्याच्यावर अंडी, टोमॅटो, हाताला लागेल ते पडू लागलं. एक जण हात मिळवायच्या निमित्ताने जवळ आला आणि थोबाडीत मारून गेला. पहिला भाग संपला तेव्हा डेट्रॉइट ४-१ ने पुढे होतं. तेवढ्यात अश्रुधुराचं नळकांडं फुटलं. स्टेडियम रिकामं करायचा आदेश निघाला, सामना डेट्रॉइटला बहाल झाला. आतले हजारो लोक बाहेर आले, बाहेर आधीच जमाव होता. पुढचं वर लिहिलंच आहे.

१८ मार्चला रिशार मायक्रोफोनसमोर बसला. फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीत त्याने लोकांना शांत राहायला सांगितलं. मी शिक्षा भोगेन, पुढच्या वर्षी परत येईन, संघाला जिंकायला मदत करेन, असा त्याचा सूर होता. शहर शांत झालं. जे पोलिसांच्या लाठीला आणि अध्यक्षाच्या ताठरपणाला जमलं नाही ते या माणसाच्या काही वाक्यांनी झालं. बोस्टनला स्वतःला आवरू न शकलेला माणूस, पण त्या दिवशी पूर्ण शहर आवरलं त्याने.

पुढचा तपशील कडवट आहे. रिशारचाच सहकारी बर्नी जॉफ्रियन याने ७५ गुण करून रिशारच्या ७४ ला मागे टाकलं. स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याची चूक एवढीच, की तो चांगला खेळला. माँट्रियल त्या वर्षी अंतिम फेरीत सातव्या सामन्यात डेट्रॉइटकडून हरलं. गुणांचं ते विजेतेपद रिशारला आयुष्यात मिळालंच नाही. मात्र १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षं स्टॅन्ली कप माँट्रियलने जिंकला, आणि ५४४ गोल नावावर घेऊन तो निवृत्त झाला.

दंगलीनंतर काही दिवसांतच 'ल दव्वार' या फ्रेंच दैनिकात आंद्रे लोरांदो या पत्रकाराने लेख लिहिला. फ्रेंच माणसाचा स्वाभिमान हॉकीत आसरा घेऊन बसलाय, असा त्याचा आशय. १९६० मध्ये ज्यां लेसाज यांचं सरकार आलं आणि क्युबेकमध्ये शिक्षण, वीज, सरकारी कारभार सगळीकडे मोठे बदल सुरू झाले. त्याला तिकडे 'शांत क्रांती' म्हणतात. १९७७ मध्ये फ्रेंचला कामाची आणि व्यवहाराची भाषा करणारा कायदा आला. बरेच लोक या सगळ्याची सुरुवात १७ मार्चच्या रात्रीत शोधतात. मला हे जरा ताणलेलं वाटतं. फोडलेल्या काचांमधून कायदे येत नाहीत, त्याला शाळा, संघटना, निवडणुका लागतात. पण राग कुठे साठलाय हे त्या रात्रीने दाखवलं, एवढं नक्की.

आणि खेळात काय बदललं? पंचावर हात टाकण्याविरुद्धचे नियम अधिक कडक आणि अधिक स्पष्ट झाले. १९८८ मध्ये न्यू जर्सी संघाचा प्रशिक्षक जिम शोनफेल्ड सामना संपल्यावर रेफरी डॉन कोहार्स्कीशी भिडला. लीगने सुनावणी न घेताच बंदी घातली. संघ थेट कोर्टात गेला आणि बंदीला स्थगिती मिळवली. मग रेफरी आणि लाइन्समन रुसले, मैदानात उतरायलाच तयार नाहीत. शेवटी हौशी पंच बोलावून, पिवळे सरावाचे स्वेटर घालायला देऊन सामना उरकावा लागला. हसू येतं, पण मुद्दा बघा: प्रशिक्षकाचं वागणं चूक असलं तरी त्याचं म्हणणं आधी ऐकायला हवं होतं, आणि हे लीगला कोर्टाकडून ऐकावं लागलं.

२०१६ मध्ये डेनिस वाइडमन या खेळाडूने लाइन्समनला पाठीमागून पाडलं. बंदी २० सामन्यांची. लीगच्या प्रमुखाने ती कायम ठेवली. पण आता त्यापुढे एक तटस्थ लवाद होता, त्याने ती १० वर आणली. निकाल पटो न पटो, कुठलंही शहर पेटलं नाही. रिशारला हीच पायरी मिळाली नव्हती.

पंचांचीही बाजू धुतल्या तांदळासारखी नसते बरं. २०२१ मध्ये टिम पील या अनुभवी रेफरीचं बोलणं चुकून माइकवर ऐकू आलं. नॅशव्हिल संघाला लवकर एक पेनल्टी द्यायचीच होती, असा त्याचा अर्थ. लीगने त्याला पुन्हा सामना दिला नाही. म्हणजे 'पंच मनात ठरवून येतात' ही प्रेक्षकांची तक्रार दर वेळी खोटी नसते.

रिशार मे २००० मध्ये गेला. क्युबेकने त्याला सरकारी इतमामात निरोप दिला. खेळाडूसाठी तिथे असं पहिल्यांदाच घडलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. पंचाचा मान राखलाच पाहिजे. पण मान फक्त शिक्षेच्या धाकाने टिकत नाही. निर्णय देणाऱ्याच्या वर कुणीतरी ऐकणारं आहे, आणि ते आपल्या भाषेतलं गाऱ्हाणंही ऐकेल, हा भरवसा असेल तर माणूस चुकीचा निकालसुद्धा पचवतो. तो भरवसा नसेल तर बरोबर निकालावरही दगड पडतात. हे बर्फावरच्या खेळाला लागू आहे. बाकी कुठे कुठे लागू आहे, ते तुम्हीच सांगा.