गुग्गुळाची परीक्षा

तिन्हीसांजेला धूपदाणीतल्या निखाऱ्यावर पडणारा गुग्गुळ आणि वैद्यांच्या योगराज गुग्गुळाच्या गोळ्या मराठी घराला परिचित आहेत. हा डिंक देणारे काटेरी झुडूप मात्र कच्छ आणि राजस्थानच्या रुक्ष माळावरचे.

सुश्रुतसंहितेत मेद वाढल्याने शरीरातले मार्ग कसे अडतात आणि त्यातून कोणते विकार उद्भवतात, याचे वर्णन आहे. त्या विकारांत प्रमेहातल्या पुळ्याही आहेत आणि उपायांत गुग्गुळ आहे. हे वर्णन डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना रक्तवाहिन्यांत चरबी साचण्याच्या आधुनिक कल्पनेशी जुळणारे वाटले. पुढे त्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. ग्रंथप्रामाण्यावर न थांबता त्यांनी सशांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिला आणि त्यांच्यावर गुग्गुळाचा परिणाम तपासला. १९६६ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी यावर प्रबंध सादर केला.

लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने याच डिंकाच्या अर्कातून 'गुग्गुलिपिड' हे औषध सिद्ध केले. १९८०च्या दशकात ते भारतात विक्रीला आले. मुंबई आणि नागपूरसह सात शहरांतल्या चाचण्यांचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०५ रुग्णांपैकी बहुतेकांचे कोलेस्टेरॉल सरासरी सुमारे २४ टक्क्यांनी उतरले होते. पण या गटाशी ताडून पाहायला, निव्वळ नकली गोळी घेणारा समांतर गट नव्हता.

२००२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी गुग्गुलस्टेरॉन हे द्रव्य पित्ताम्लांशी निगडित एका ग्राहीला रोखते, असे दाखवले. कार्यकारणाचा धागा सापडला, असे वाटू लागले. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १०३ प्रौढांवर आठ आठवडे चाचणी घेतली. या वेळी नकली गोळीचा गट होता. त्या गटात घातक मानले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल ५ टक्क्यांनी घटले, तर गुग्गुळ घेणाऱ्यांत मात्रेनुसार ४ ते ५ टक्क्यांनी वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले.

मग सुश्रुत चुकला का? प्रश्नच तसा मांडता येत नाही. 'मेद' म्हणजे एलडीएल नव्हे. शिवाय शोधन करून, इतर द्रव्यांसह, प्रकृती पाहून दिलेला गुग्गुळ आणि अमेरिकी आहार घेणाऱ्याला दिलेली अर्काची गोळी या एकच गोष्टी नव्हेत. पण हाच युक्तिवाद उलटाही लागू होतो. अर्काची गोळी विकताना सुश्रुताची साक्षही काढता येत नाही. जुने वचन संशोधकाला चांगला प्रश्न देते. उत्तर चाचणीनेच द्यायचे असते.

या वादाची किंमत झुडपाने मोजली. जास्त डिंक मिळावा म्हणून खोडावर खोल चिरा पाडल्या जातात आणि त्यात कित्येक झुडपे वाळून मरतात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत आज गुग्गुळाची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे. औषधाचा निवाडा पक्का होण्याआधीच झाड विरळ झाले.