जंबुकाकांच्या शोधात

स्मरणिकेच्या संपादकांनी आम्हांकडे इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा नागपूरकर भोसल्यांचा छत्तीसगडवरील अंमल असावा. बिंबाजी भोसल्यांचे रतनपूर आपल्यापासून फार दूर नाही आणि त्यावर लिहिणारे अधिकारी पुरुष आपल्यात आहेत. आम्ही मात्र वाचकांची क्षमा मागून एका कोल्ह्याविषयी लिहिणार आहोत. हा कोल्हा मराठी होता, पुण्यास जन्मला होता, आणि त्याचे नाव होते जंबुकाका.

मंडळाच्या वाचनालयात संध्याकाळी पत्त्यांचा डाव रंगत असे, त्या काळातील एक वयोवृद्ध सभासद कोणी हुकूम दडवून ठेवला की त्यास "काय जंबुकाका!" म्हणून हाक मारीत. संस्कृतात जंबुक म्हणजे कोल्हा, तेव्हा हा पंचतंत्राचा प्रसाद असावा असे आम्ही धरून चाललो होतो. पुढे निवृत्तीच्या उंबरठ्यावर चित्रपटविषयक जुने ग्रंथ चाळण्याचा नाद लागला आणि एका यादीत तेच नाव समोर आले : 'जंबुकाका', प्रभात फिल्म कंपनी, कार्टूनपट, सुमारे १९३४-३५, चित्रकार रघुनाथ केळकर. तोवर ते सभासद दिवंगत झाले होते. त्यांनी हे नाव पडद्यावरून उचलले की पंचतंत्रातून, हे विचारावयाचे राहून गेले.

'प्रभात'चा इतिहास मराठी वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी ही संस्था काढली, १९३३ मध्ये ती पुण्यास आली, आणि १९३४ च्या 'अमृतमंथन'पासून तिचा पुण्यातील संसार सुरू झाला. लोकांच्या स्मरणात तुतारी वाजविणारी ती स्त्री राहिली, 'संत तुकाराम' राहिला, 'कुंकू' राहिला. परंतु दामले आणि फत्तेलाल हे दोघे मुळात चित्रकार होते व बाबुराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाले होते, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. रंगविलेले पडदे, देखावे, नकली डोंगर आणि नकली महाल उभारणाऱ्या या मंडळींस चित्रच हलवून दाखवावे असे वाटले, तर त्यात नवल कसले? बाहेर अमेरिकेत मिकी नावाचा उंदीर १९२८ पासून बोलू लागला होता आणि जगभर पैसा ओढीत होता. आपल्या कोल्ह्याने का बोलू नये?

हा कोल्हा आपल्या घरचाच होता. भोपळ्यात बसून लेकीकडे निघालेल्या म्हातारीच्या वाटेत तो उभा असतो. द्राक्षे आंबट ठरविणारा तोच. पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे मंत्रिपुत्रही कोल्हेच. त्यास 'काका' म्हणून घरात बसविण्याची युक्ती मात्र अस्सल मराठी आहे. लबाड आणि तरीही लाडका असा एखादा काका कोणत्या कुटुंबात नसतो? इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी पुढे त्यास 'फॉक्स' करून टाकले, आणि प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ते चुकलेच. फॉक्स म्हणजे आपले खोकड. पंचतंत्रातला जंबुक तो नव्हे. एखाद्याचे नाव परक्या भाषेत गेले की त्याची जातही बदलते, याचा अनुभव परप्रांतात राहणाऱ्या आम्हां लोकांस वेगळा सांगावयास नको.

हलत्या चित्रामागे किती कष्ट असतात याची कल्पना नसल्यामुळे अशा चित्रपटांस पोरखेळ समजण्याची प्रथा आहे. बोलपटात दर सेकंदास चोवीस चित्रे पडद्यावरून सरकतात. म्हणजे एका मिनिटास १,४४० आणि सात मिनिटांच्या छोट्या करमणुकीस दहा हजारांहून अधिक. एकच चित्र दोनदा टिपून काम अर्ध्यावर आणता येते, तरीही पाच हजार चित्रे हाताने काढावयाची उरतातच. कोल्ह्याने नुसती मान वळविली तर ती दहाबारा चित्रांत वळवावी लागते. अमेरिकेतील कारखान्यांत यासाठी चित्रकारांच्या पलटणी राबत. आपल्याकडे अशी फौज नव्हती. श्रेयनामावलीत केळकरांचे एकट्याचे नाव येते, यावरून त्या कामाचे ओझे किती थोड्या खांद्यांवर असेल याचा तर्क वाचकांनीच करावा.

केळकरांच्या आधी या वाटेवर एक मराठी माणूस चालून गेला होता, तो म्हणजे दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, हे शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. त्याच्या आदल्या वर्षी विलायतेहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी पहिल्याने काय टिपले, तर कुंडीतला वाटाण्याचा अंकुर. रोज थोडेसे चित्रण करीत महिन्याभराहून अधिक काळ त्यांनी तो टिपला, आणि पडद्यावर तो अंकुर क्षणार्धात तरारून वर आला. जादूचे प्रयोग करताना स्वतःचे आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' म्हणविणाऱ्या माणसास हे सुचावे, हे साहजिकच होते. थांबवून थांबवून टिपणे हाच कार्टूनपटाचा मूलमंत्र, आणि तो त्यांच्या हाती लागला होता. पुढे महायुद्ध सुरू झाले, कच्ची फिल्म आणि भांडवल दोन्ही दुर्मिळ झाली, आणि १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपट केला. त्यात नट नव्हते, पोशाख नव्हते. काड्यापेटीतील काड्या आपणहून हलत, निरनिराळे आकार घेत. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ मध्ये काड्यांचा असाच खेळ केला होता, व त्याची प्रेरणा फाळक्यांस मिळाली असे अभ्यासक मानतात. मिळाली असेल, परंतु युद्धकाळात, हाती काही नसताना काडीकाडी जमवून चित्रपट करणे ही नाशिककरांची स्वतःची जिद्द होती. तो चित्रपट आज उपलब्ध नाही.

(कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३४ मध्ये गुणमय बॅनर्जी यांचा जो कार्टूनपट चित्रपटगृहात आणला, त्याचे नाव 'द पी ब्रदर्स' म्हणजे वाटाणेबंधू! आपल्या देशातील हलत्या चित्रांचे आणि वाटाण्याचे काही पूर्वजन्मीचे नाते असले पाहिजे.)

तर असे हे चित्रपट नाहीसे का होतात? आम्ही सरकारी कचेरीत तीस वर्षे काढली असल्याने कागद नाहीसा होण्याचे सर्व प्रकार आम्हांस परिचित आहेत. फिल्म नाहीशी होण्याचे प्रकार त्याहून भयंकर आहेत. १९५१ पर्यंत मोठ्या पडद्याच्या फिल्म सेल्युलोज नायट्रेटवर निघत. हे द्रव्य बंदुकीच्या दारूचे भावंड. ते पाण्याखालीही जळत राहते, आणि जळले नाही तरी उष्ण हवेत आपोआप चिघळते, चिकट होते आणि शेवटी त्याची तपकिरी पूड होते. जे यातून वाचले ते चांदीने मारले. फिल्मच्या थरात चांदी असते. चित्रपट जुना झाला, धंदा सरला, की रिळे धुऊन ती चांदी काढावयाची आणि विकावयाची, ही रीत होती. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' याच वाटेने गेला, असे पी. के. नायर सांगत. आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी पूर्ण वा तुटक स्वरूपात उरलेले तिसाच्या आसपास भरतात. ज्या चित्रपटांत देव होते, राजे होते, नामांकित नट होते, त्यांची ही गत. मग मुख्य खेळाच्या आधी पाचसात मिनिटे मुलांस हसविणाऱ्या कोल्ह्याची पर्वा कोण करणार?

नायरांचे नाव आले म्हणून थोडे थांबतो. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि त्याची उभारणी या केरळीय गृहस्थाने केली. त्यांनी नाशिकास जाऊन फाळके कुटुंबाकडून दादासाहेबांच्या चित्रपटांचे उरलेसुरले तुकडे मिळविले. 'राजा हरिश्चंद्र'ची चारांपैकी दोन रिळे आज दिसतात ती त्यामुळे. 'कालिया मर्दन' (१९१९) तर तुकड्यातुकड्यांत होता; फाळक्यांच्या टिपणवहीच्या आधारे नायरांनी ते तुकडे क्रमाने लावले, आणि आज आपण छोट्या मंदाकिनीला यमुनेच्या डोहात कालियाशी झुंजताना पाहू शकतो. आमच्या मते या एका कामासाठी महाराष्ट्राने नायरांचे ऋण मानले पाहिजे. २०१६ मध्ये ते निवर्तले.

'प्रभात' १९५३ मध्ये बंद पडली. तिच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली. दामले कुटुंबीयांनी चित्रपटांचे हक्क परत मिळविले आणि ते जपले, म्हणून 'तुकाराम', 'ज्ञानेश्वर', 'माणूस', 'शेजारी' आपल्या मुलांनी पाहिले. परंतु जानेवारी २००३ मध्ये त्याच आवारातील नायट्रेटच्या कोठारास आग लागली आणि जुन्या रिळांचा मोठा साठा तीत गेला. त्यांपैकी बऱ्याच चित्रपटांच्या सुरक्षित फिल्मवरील प्रती आधीच काढलेल्या होत्या, एवढेच समाधान. मूळ फिल्म ती मूळ फिल्म.

असे सारे असता शोधाची आशा का धरावी, असे कोणी विचारील. आशेची कारणे परदेशांत आहेत. मिकीच्याही आधी, १९२७ मध्ये, वॉल्ट डिस्ने यांनी ऑस्वाल्ड नावाचा एक ससा निर्मिला होता. त्याच्या अनेक चित्रपटांचा पत्ता नव्हता. २०१५ मध्ये त्यांतील एक लंडनच्या सरकारमान्य संग्रहातच सापडला. तो तेथे होताच, कोणी ओळखला नव्हता इतकेच. दुसऱ्याची कथा अधिक रम्य आहे. जपानातील एका शाळकरी मुलाने ओसाकाच्या खेळण्यांच्या बाजारात ५०० येन देऊन एक छोटे रीळ विकत घेतले. त्यावर मिकी माऊसचे नाव होते. सत्तर वर्षे ते त्याच्यापाशी राहिले. म्हातारपणी हरवलेल्या ऑस्वाल्डविषयीचे पुस्तक वाचून त्यास शंका आली, तपासणी झाली, आणि २०१८ मध्ये जाहीर झाले की ते १९२८ चे 'नेक एन नेक' होय. रीळ दोनच मिनिटांचे, कापलेले. परंतु ससा सापडला. जपान्यांचा स्वतःचा १९१७ चा 'नामाकुरा गाताना' हा बोथट तलवारीचा विनोदी कार्टूनपटही ओसाकाच्याच जुन्या बाजारात मिळाला आणि २००८ मध्ये लोकांपुढे आला.

आता आपल्या गावाकडे वळू. भिलाईचा कारखाना उभा राहिला तो १९५५ च्या सोव्हिएत करारानंतर, आणि पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. त्यापूर्वीही दुर्ग, राजनांदगाव, रायपूर ही गावे मुंबई-हावडा लोहमार्गावर होतीच, आणि त्यांपैकी दुर्ग व रायपूर मध्यप्रांतात मोडत. चित्रपटांच्या व्यापारात या मुलखास 'सी. पी. बेरार' म्हणत व आजही म्हणतात. त्याची वितरणाची ठाणी भुसावळ आणि अमरावती येथे. पुण्यामुंबईचा चित्रपट या ठाण्यांवरून पेट्यांत भरून रेल्वेने पूर्वेस सरके. मोठ्या शहरांत लागून, झिजून, तुटून शेवटी प्रती येत त्या आपल्या टोकाला. शेवटच्या थांब्यावर आलेली झिजकी प्रत परत पाठविण्याचे भाडे कोण भरणार? ती तेथेच राही, किंवा जत्रेतील बायोस्कोपवाल्याच्या पेटीत जाई. म्हणून आम्हांस वाटते, पुण्यात जे टिकले नाही त्याचा एखादा तुकडा पूर्वेकडच्या एखाद्या माळ्यावर असणे अगदीच अशक्य नाही. आपल्या सभासदांपैकी कित्येकांची माहेरे आणि आजोळे नागपूर, अमरावती, अकोला, भुसावळ येथे आहेत. मंडळाच्या पहिल्या दशकातील नाटकांची छायाचित्रे आज नावांवाचून पडली आहेत, हे आपण या स्मरणिकेच्या निमित्ताने पाहिलेच. त्यातील स्त्रीपात्रे ओळखण्यास तीन रविवार लागले आणि दोघी अजून अनोळखीच राहिल्या.

तेव्हा सुट्टीत गावी जाल तेव्हा जुन्या पेट्या उघडताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पत्र्याच्या गोल डब्यात पस्तीस मिलिमीटर रुंदीची फिल्म असेल आणि तिच्या कडेवर 'सेफ्टी' हा शब्द नसेल, तर ती नायट्रेटची समजावी. उग्र आंबूस वास, चिकटपणा, तपकिरी भुकटी ही तिच्या आजारपणाची लक्षणे. ती काडी लावून पाहू नये, यंत्रावर चढवू नये, ओढून उलगडू नये, आणि प्रवासी गाडीत घालून तर मुळीच आणू नये. डबा उन्हापासून, चुलीपासून आणि राहत्या खोलीपासून दूर थंड जागी ठेवावा व पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरील चित्रपट संग्रहालयास पत्र लिहावे. २०२२ पासून हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग झाले आहे. कचेरीचे नाव बदलले तरी काम तेच आहे. फिल्म नसली तरी १९३४ ते १९३६ मधील 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' यांचे अंक, चित्रपटगृहांची हस्तपत्रके, गाण्यांच्या पुस्तिका रद्दीत घालण्यापूर्वी जाहिरातींची पाने तेवढी पाहावी. नाव जंबुकाका, जंबूकाका, जम्बू किंवा नुसते कोल्होबा असेही छापलेले असेल. आणि डब्यावर मिकीचे नाव दिसले, तरी लगेच बाजूला टाकू नये.