आजी गप्प बसली, दोष कुणाचा?



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ऐकतच आपण मोठ्या झालो. म्हातारं माणूस विसरलं की ही म्हण, विचित्र वागलं की ‘म्हातारचळ’. पण आयुष्यभर राबलेली सासू दिवसभर भिंतीला टेकून बसते, तोंड धुवायलाही उठत नाही, नातू मांडीवर दिला तरी हसत नाही, तेव्हा काय म्हणायचं? ‘सून नीट बघत नसेल,’ असं लोक म्हणून मोकळे होतात.

१९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये डॉ. आलोइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या ५१ वर्षांच्या बाईंना तपासलं. १९०६ मध्ये त्या वारल्यावर त्यांच्या मेंदूतला बिघाड डॉक्टरांना दिसला. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे, हे त्यातून पुढे आलं. पुढे बराच काळ लक्ष राहिलं ते विसरण्यावर. गप्प बसणारं माणूस कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याच्याकडे बघायचं राहून गेलं. १९९० च्या सुमारास अमेरिकेतले डॉ. रॉबर्ट मरिन यांनी सांगितलं, की निरिच्छता आणि नैराश्य वेगळं ओळखा. नैराश्यात माणूस आतून दुःखी असतो. निरिच्छतेत काही करावं ही ऊर्मीच उठत नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यातला अभ्यास २००१ मध्ये छापून आला. तिथेही लोकांना लक्षणं माहीत होती, पण ती आजाराची वाटत नव्हती. मुलांनी आबाळ केली, माया केली नाही, असं ते सांगत. मग तिथे सल्लागार घरोघरी जाऊन सांभाळणाऱ्यांना आजार समजावू लागले, धीर देऊ लागले. ८१ कुटुंबांच्या या प्रयोगाचा निष्कर्ष २००८ मध्ये आला: सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. रुग्ण बरे झाले नाहीत, पण घराला आधार मिळाला.

औषधाचं काय? २०२१ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या २०० रुग्णांच्या चाचणीत मेथिलफेनिडेट या गोळीने निरिच्छता थोडी कमी झाली. ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय द्यायची नाही. माणूस एकाएकी गप्प झालं तर आधी दवाखाना गाठा. ताप, लघवीचा संसर्ग किंवा दुसरा आजारही असू शकतो.

घरचा उपाय जुन्या सवयीतून निघतो. ‘काय करता?’ असं विचारलं तर उत्तर येणार नाही. कापूस हातात द्या, पहिली वात आपण वळा, म्हणा, ‘या, दोघी मिळून वळू.’ शेंगा फोडायला, डाळ निवडायला सोबत बसा. आपला जिल्हा गंगाखेडच्या जनाबाईंचा. नाव विसरलेल्या आजीलाही कधी कधी जात्यावरची ओवी आठवते. पहिली ओळ आपण म्हणून बघा. दहा मिनिटं पुरे. नको म्हटलं तर रागावू नका, उद्या पुन्हा बसा.

आणि बचत गटाच्या बैठकीत एवढं ठरवा: अशा घरातल्या सुनेला बोल लावायचा नाही. आठवड्यातून तासभर तिच्या सासूजवळ आपल्यातली एक जण बसेल. सुनेलाही मन मोकळं करायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.