दाढ, भूल आणि भोवळ

दातांचे दुखणे आणि स्वायत्त चेतासंस्था यांची गाठ सोलापुरात तंबाखूपाशी पडते. गिरण्या आणि विड्या यांवर जगलेल्या या शहरात दात घासायला कडुनिंबाची काडी, राखुंडी आणि भाजलेल्या तंबाखूची मिश्री चाले. मिश्रीने दाढेचा ठणका घटकाभर दबल्यासारखा वाटे, म्हणून विड्या वळणाऱ्या बायकांना ती औषधच वाटली. हिरड्यांचे नुकसान पुढे दिसे. याच तंबाखूतले निकोटीन वापरून केंब्रिजचे जॉन लँगली यांनी 1889 पासून हृदय, रक्तवाहिन्या आणि लाळग्रंथींकडे जाणाऱ्या चेतांचे मार्ग शोधले आणि 1898 मध्ये त्या संस्थेला ‘स्वायत्त चेतासंस्था’ हे नाव दिले.

दाढ काढताना भोवळ येते ती याच संस्थेमुळे. भीतीने किंवा वेदनेने हृदयाची गती मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि मेंदूला रक्त कमी पडते. रुग्णाला ताठ बसवून दाढ उपटण्याच्या काळात हे नित्याचेच असणार. 1884 नंतर कोकेनने जबडा बधिर करता येऊ लागला. 1903 मध्ये हाइनरिश ब्राउन यांनी बधिरतेच्या औषधात अ‍ॅड्रेनलिन मिसळण्याची रीत सांगितली. त्याने भूल टिकते आणि रक्त कमी जाते. 1958 पासून पूर्ण आडव्या होणाऱ्या खुर्च्या आल्या आणि भोवळीचा धोका बराच कमी झाला.

मात्र ज्यांची स्वायत्त चेतासंस्थाच निकामी होत चालली आहे, त्यांना अ‍ॅड्रेनलिन आणि आडवी खुर्ची हे दोन्ही उपाय जसेच्या तसे लागू पडत नाहीत. जुना मधुमेह हे त्याचे नेहमीचे कारण. अशा रुग्णाचा रक्तदाब उभे राहताच कोसळतो, आणि काहींचा आडवे होताच चढतो. म्हणून खुर्ची अर्धवट कलती ठेवणे बरे. चेतांचा धाक सुटलेल्या रक्तवाहिन्या थोड्या अ‍ॅड्रेनलिननेही जोरात आकसू शकतात, तेव्हा मात्रा कमी ठेवून रक्तदाब पाहत राहावा लागतो. काम संपल्यावर रुग्णाला काही मिनिटे पाय खाली सोडून बसवावे, मग आधार देऊन उठवावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात, अंगातले पाणी आधीच आटलेले असताना, उठवण्याची घाई टाळणे फार महत्त्वाचे आहे. लाळग्रंथींच्या चेताही बिघडून लाळ कमी झाल्याने अशा रुग्णांच्या तोंडात कीड लवकर लागते. त्यांना फ्लोराइडचा लेप आणि वरचेवर तपासणी लागते, आणि मिश्री तर पूर्ण सोडावी लागते.